सतरा नंबरचं कॉइल

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ जानेवारी १९८७

परशुरामदादा,

नमस्कार. वहिनींना आणि नंदाला आठवण सांगा. टिटवाळ्याच्या नव्या खोलीत रुळलात ना? निवृत्त झाल्यापासून तुमची एक ओळ नाही. म्हणजे एक तर तुम्ही मिरच्या-वांगी लावत बसला असाल, नाही तर माझ्यावर रागावला असाल. राग असला तर मागाहून काढा, आधी बातमी ऐका.

आपल्या वाइंडिंग खात्यातल्या आम्ही सहाजणींनी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. पाच सह्या आणि आवडाबाईचा अंगठा. मागणी एवढीच, की काम वाइंडरचं करतो तर पगार वाइंडरचा द्या. अधिकारी म्हणाला, एकाच कामाला बाईला कमी पगार द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि ती येऊन दहा वर्षं झाली. दहा वर्षं हा कायदा सरकारच्या कपाटात होता आणि आम्ही वाइंडिंग खात्यात, दोघांची गाठ काही पडली नाही. परत येताना आम्ही सहाजणींनी स्टेशनवर उसाचा रस प्यायला. आवडाबाईने दोन ग्लास प्यायले.

हे सगळं विठ्ठलमुळे झालं. दिवाळीत त्याला पक्का वाइंडर केला. त्याला पंख्याच्या कॉइलची तार ओवायला, पेडल दाबायला, चालत्या तारेचा ताण बोटाने ओळखायला कोणी शिकवलं? मी. आता त्याला माझ्या दीडपट पगार, आणि मी अजून हेल्पर. पोरगा गुणी आहे, माझ्याकडे बघायला लाजतो. पण त्याच्या लाजण्याने माझं रेशन भरत नाही.

आता अडचण. कंपनी म्हणते, बायका मशीनवर बसतच नाहीत, रोज कोणी किती कॉइलं भरली त्याची कार्डं बघा. कार्डांवर सगळे पुरुषांचे नंबर. आणि दादा, ती कार्डं तर आम्हीच भरलेली. अधिकाऱ्याला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे दोघांचं बोलणं एकच निघेल. गणपतीला तुम्ही सगळे कोकणात जायचात. कंपनी बंद नसायची. आमचे गणपती इथेच, आमची घरंही इथेच, तेव्हा मशीन आम्ही चालवायचो. पण कार्डावर नंबर तुमचाच घालायचो, म्हणजे तुमचा बोनस बुडू नये. भाऊ गावी गेलाय, त्याचं नुकसान कशाला, एवढाच विचार होता. तुम्ही येताना काजू आणि आमसुलं आणायचात आणि हिशेब मिटायचा. सुपरवायझर सगळं बघायचा आणि माल मोजून घ्यायचा.

आता आपल्याच हाताने आपला पुरावा पुसून बसलोय. नोकरीतले पुरुष बोलायला घाबरतात. तुम्ही निवृत्त आहात, कोणी तुमचं काही करणार नाही. एकदा येऊन खरं काय ते सांगा. एवढंच मागणं आहे.

तुमची बहीण,
जनी


टिटवाळा
२० फेब्रुवारी १९८७

सौ. जनीबाई यांना,

आपलं पत्र बाबांच्या दिवाणाखाली सापडलं. बाबांनी ते दोनदा वाचलेलं मी पाहिलं आहे. उत्तर देऊ नका असं ते आईला म्हणाले, म्हणून मी देते.

बाबांनी तीस वर्षं त्या कंपनीत इमानाने काम केलं. त्यांना उत्कृष्ट वाइंडर म्हणून बक्षीस मिळालेलं आहे. ज्या महिन्यात सगळ्या खात्यात त्यांची कॉइलं सर्वांत जास्त भरली, त्या महिन्याच्या मालातला, त्यांच्याच हातच्या वाइंडिंगचा पंखा त्यांना दसऱ्याला भर सभेत दिला. तो आमच्या खोलीत आहे, त्यावर त्यांच्या नावाची पितळी पट्टी आहे. अशा माणसाने या वयात सरकारी कचेरीत उभं राहून, मी दुसऱ्याच्या कामाचा बोनस घेतला, असं सांगायचं? त्या बोनसमधला वाटा आपल्याला परत हवा असेल तर स्पष्ट लिहावं. माझी बी.कॉम.ची परीक्षा झाली की मी नोकरी करणार आहे, तेव्हा पै-पैसा चुकता करीन.

नंदा


कोपरी
१ मार्च १९८७

नंदा,

'सौ. जनीबाई' वाचून मी आधी पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर उघडलं नाही ना. पाच वर्षांची असताना तू कंपनीच्या हळदीकुंकवाला माझ्या मांडीवर झोपली होतीस आणि माझ्या लुगड्यावर सांडलेलं सरबत अजून गेलेलं नाही. तेव्हा आत्या होते. बाई कधी झाले?

पैसे परत मागणारीचा हात झडो. अगं, तो बोनस आम्ही खुशीने दिलेला. दिलेलं परत मागत नाही, पण आजपासूनचं तर मागू? माझी मुलगी आठवीत आहे. राघोचा पगार पालिकेच्या बागेतला, तो किती ते तुला ठाऊक आहे. सकाळी पोरांचा डबा तो करतो, कारण मी पहिल्या पाळीला सहाला निघते. तो भाकरी चांगली थापतो हो, नुसती कडेला जाड राहते. माझा वाइंडरचा पगार झाला तर मुलीला दहावीनंतर शिकवायचं असं आम्ही ठरवलंय, आणि नाही झाला तर तेही ठरलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि मला मशीन येत नाही असं कोणी म्हणू नये. मी नाथा कोळ्याची मुलगी. खाडीचं पाणी नासलं, मासळी गेली, म्हणून कंपनीत आले, नाही तर अजून बापाच्या शेजारी बसून जाळं विणत असते. कॉइल भरून झालं की सुटायच्या आत दोऱ्याने बांधावं लागतं. पुरुष साधी गाठ मारतात. मी जाळ्याची मारते, ती सरकत नाही. तुझे बाबा हसायचे. म्हणायचे, "जनी, पंखा करायचाय, बोंबील नाही धरायचे."

त्या माणसाला मी कमीपणा आणीन का? मशीन मला त्यांनीच शिकवलं. बायकांना शिकवू नका असं वरून सांगणं आलं होतं, तरी शिकवलं. पंख्याबद्दल लिहिलंस, चांगला पंखा आहे. वारा भरपूर देतो.

तुझी आत्या (मानलीस तर)


टिटवाळा
२२ मार्च १९८७

आत्या,

मानली. आणि चुकले. पत्र टाकून पेटीपासून दहा पावलं गेले नाही तोच पस्तावले होते, पण पेटीत हात घालता येत नाही.

यापुढे पत्र माझ्या मैत्रिणीच्या, शुभदाच्या, शहाडच्या पत्त्यावर टाक. बाबांना कळता कामा नये. तुझ्या अर्जाचं नाव काढलं की ते उठून झाडांना पाणी घालायला जातात. काल दोनदा विषय काढला, वांगी कुजतील आता.

त्यांना कशाची भीती वाटते ते मला कळत नाही. पैसे कोणी मागत नाही, हे मी आडून आडून सांगून पाहिलं. मला वाटतं, कंपनीने त्यांना काहीतरी दमदाटी केली असावी. तसं असेल तर मला कळव, मी त्या सुपरवायझरला असं पत्र लिहीन की त्याला शब्दकोश घेऊन बसावं लागेल.

तुझ्या गाठीचं वाचून हसले. तू दर वर्षी सोड्यांची पुडी पाठवायचीस, तिची गाठ आईला कधी सुटली नाही. शेवटी विळीवर कापायची. मी एकदा पुडी घेऊन तासभर बसले होते, दाताने ओढून पाहिली, हट्टाने. शेवटी दात दुखला.

नंदा


कोपरी
७ एप्रिल १९८७

नंदा,

घाईत लिहिते. सुनावणीची तारीख लागली, ४ मे. कंपनीचे साहेब हसतमुखाने सांगून गेले, जुनी हजेरीबुकं पावसात भिजली, म्हणजे गणपतीत कोण रजेवर होतं हेही आता कळायचं नाही. राहिली ती कार्डं, आणि ती आमच्याच विरुद्ध बोलतात. पुरुषांपैकी एकही यायला तयार नाही. विठ्ठल म्हणाला, "जनीताई, मी येतो." मी नको म्हटलं. तो नवा आहे, आणि गणपतीतल्या दिवसांचं त्याला काय माहीत.

काल सहाजणींत पहिल्यांदा भांडण झालं. दोघी म्हणतात अर्ज मागे घ्या, निदान हेल्परची नोकरी तरी राहील. मला खरंच धीर उरलेला नाही. पण आवडाबाई म्हणाली की तिने आयुष्यात पहिल्यांदा अंगठा असा दिलाय की जो कर्जाच्या कागदावर नव्हता, तो ती मागे घेणार नाही. मग अर्ज तसाच राहिला.

बाबांना कंपनीने दमदाटी केलेली नाही. मला त्यांचं कारण माहीत आहे, पण ते सांगायचं काम माझं नाही. त्यांना आता आणखी विचारू नकोस. नाही आले तरी ते माझे दादाच आहेत.

आत्या


टिटवाळा
१९ एप्रिल १९८७

आत्या, आत्या, आत्या,

भराभर लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

गेला आठवडाभर पंखा खरखर करत होता. उकाड्याने जीव जात होता, म्हणून आज सकाळी बाबा देवळात गेले असताना मी बाजारातल्या कान्हा मेकॅनिकला घेऊन आले. त्याने पंखा उतरवून जमिनीवर उघडला. म्हणाला, बेअरिंग गेलंय, वाइंडिंग एकदम फर्स्ट क्लास आहे. आणि मग पुटपुटला, "पण ही गाठ कसली मारलीय?"

मी वाकून पाहिलं. आत्या, ती सोड्यांच्या पुडीची गाठ होती. प्रत्येक कॉइलला तीच. व्हार्निशमध्ये बुडून, भाजून, दगडासारखी घट्ट झालेली. मी नखाने चाचपली, दात दुखल्याचं आठवलं. आणि शेजारी व्हार्निशखाली कागदाची चिठ्ठी: नंबर १७, महिना ९/८३.

सतरा नंबर बाबांचा. पण ८३ च्या सप्टेंबरात आम्ही राजापूरला होतो. गणपतीला म्हणून ऑगस्टअखेरीसच गेलो आणि आजी आजारी पडली म्हणून घटस्थापनेपर्यंत राहिलो. माझी सहामाही बुडाली होती, म्हणून मला पक्कं आठवतं. त्या महिन्यात बाबांनी एकही कॉइल भरलेलं नाही. ज्या महिन्याचं बक्षीस, ज्या महिन्याचा हा पंखा, ज्यावर ही पितळी पट्टी, तो सगळा महिना तुझा आहे. आणि तू मला लिहिलंस, चांगला पंखा आहे, वारा भरपूर देतो. तुला काय म्हणावं? चार वर्षं गप्प राहिलीस, मी तुला वाटेल ते लिहिलं तेव्हाही गप्प राहिलीस.

कान्हाने पक्कड उचलली तशी मी ओरडले की वाइंडिंगला हात लावायचा नाही. तो बिचारा भिंतीला टेकला.

बाबा आले तेव्हा पंखा जमिनीवर उघडाच होता. त्यांनी पाहिला. मी काही बोलले नाही, तू सांगितलं होतंस ना, विचारू नको. ते खाली बसले, चष्मा लावला आणि बराच वेळ त्या गाठीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सभेत पट्टीवर नाव वाचलं तेव्हाच बोलायला हवं होतं. टाळ्या वाजत होत्या गं. नंतर रोज बोलणं अवघड होत गेलं."

मी त्यांच्याजवळ बसले. मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता की काय, तेही कळत नाही. पण एवढं सांगते, पुरावा पुसलेला नाही, आत्या. तो इतकी वर्षं आमच्या डोक्यावर फिरत होता.

तुझी नंदा


(पोस्टकार्ड)
टिटवाळा, २२ एप्रिल ८७

जनी,
४ तारखेला येतो. पंखा घेऊन येतो. भावावर रागावू नको.
परशुराम


कोपरी
६ मे १९८७

नंदा,

तुझा पेपर त्याच दिवशी यायचा होता, काय करणार. दादा घरी येऊन काही सांगणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून सगळं लिहिते. पेपर कसा गेला ते आधी कळव.

दादा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले, आणि गोणपाटात गुंडाळलेला पंखा कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन. कंपनीचे साहेब त्यांना ओळखून हसले, म्हणाले, या परशुराम, हे आमचे उत्कृष्ट वाइंडर. अधिकाऱ्याने दादांना विचारलं, काय सांगायचंय? दादा उभे राहिले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, सतरा नंबर माझा. पण त्या महिन्यात मी राजापूरला होतो. ही कॉइलं हिने भरलीत. बक्षीस मी घेतलं."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी खाली बघत होते, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. आवडाबाईने मला कोपर मारलं, म्हणाली, "रडतंस काय, वर बघ."

कंपनीचे साहेब म्हणाले, गाठ काय, कोणीही मारेल. अधिकारी हुशार निघाला. त्याने टेबलावर दोरा ठेवला आणि म्हणाला, मारा. साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने दोरा घेतला, तीनदा गाठ मारली, तीनदा गुंता झाला. मग त्याने कंपनीने बरोबर आणलेला, खात्यातला एक जुना वाइंडर पुढे बोलावला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ही मला येत नाही, ही जनीची. बाहेर उभ्या असलेल्या माझ्या पोरीने खिडकीतून मान घातली होती. ती म्हणाली, "मला येते." तिने मारून दाखवली, आणि मी तिच्या शेजारी बसून मारली. अधिकारी, साहेब आणि सुपरवायझर, तिघांनी भिंग लावून पंख्यातली गाठ आणि आमच्या गाठी जुळवून पाहिल्या. नंदा, मला वाटलं माझा बाप खाडीतून उठून आला आणि शेजारी बसला.

मग अधिकाऱ्याने गेल्या पाच-सहा वर्षांची कार्डं काढायला सांगितली आणि गोदामात त्या महिन्यांचे परत आलेले पंखे असतील तर ते उघडा म्हणाला. साहेबांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला. दर वर्षीच्या गणपतीत माझ्या गाठी आहेत हे त्यांना आमच्याआधी समजलं. दुपारी जेवायच्या सुटीनंतर ते म्हणाले, आम्ही बोलणी करायला तयार आहोत.

निकाल अजून नाही. पण आम्ही सहाजणी रिक्षा करून घरी आलो. एका रिक्षात सहाजणी. दादाही सातवे होते, ड्रायव्हरच्या बाजूला, मांडीवर पंखा.

तुझी आत्या


टिटवाळा
३० जुलै १९८७

आत्या,

करार झाल्याचं बाबांकडून कळलं, ते स्वतः बोलले, सलग पाच मिनिटं. सहाच्या सहाजणी वाइंडर. मागच्या वर्षांचं काही नाही, याचं वाईट वाटलं, पण बाबा म्हणाले तू सही करताना हसत होतीस.

मी दुसऱ्या वर्गात पास झाले. डोंबिवलीत एका कचेरीत मुलाखत दिली. माझ्या वर्गातल्या गुरुदत्तला त्याच कामावर घेतलंय, त्याने मला त्याचा पगार सांगितला. मला त्याहून कमी देऊ केला, म्हणाले, मुली काय लग्न होईपर्यंतच. मी म्हटलं, गुरुदत्तएवढाच घेईन. मालकांनी पेन खाली ठेवलं आणि कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. तू मला काय शिकवून ठेवलंस ते बघ. पण मला अजिबात वाईट वाटत नाही, आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकलेत.

पंखा आमच्या छताला नाही. बाबांनी तो परत लावूच दिला नाही. गोणपाटात कोपऱ्यात ठेवलाय आणि रोज दोरा घेऊन कसलीतरी खटपट करत बसतात. विचारलं तर सांगत नाहीत.

नंदा


कोपरी
१० सप्टेंबर १९८७

नंदा,

आता खटपट कसली ते ऐक.

गणपती जाऊन चार दिवस झाले. खात्यातले कोकणवाले नेहमीसारखे गावी गेले आणि आम्ही मशीनवर बसलो. पहिल्या दिवशी कार्ड समोर आलं आणि माझ्या हाताने सवयीने सतरा लिहिलं. खोडलं. सुपरवायझरला खाडाखोडीवर सही करावी लागली, त्याचं तोंड आंबट झालं होतं. मग माझा नवा नंबर लिहिला. विठ्ठल जाताना म्हणाला होता की मी नसताना कार्डावर माझा नंबर घालू नका, माझं कार्ड रिकामं राहू दे. काजू मात्र आणतो म्हणाला.

काल दादा आले. हातात तोच पंखा, नव्या कागदात बांधलेला, वरून दोरा. म्हणाले, गाठ मी मारली, तुझीच, दीड महिना शिकतोय. मोठ्या ऐटीत त्यांनी पुडकं पुढे केलं आणि दारातच गाठ सुटली. दोरा उंबऱ्यावर पडला. राघो हसला, मी हसले, दादाही हसले, आणि मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, सांगायला काही लाज नाही.

पितळी पट्टी त्यांनी काढून आणली नव्हती. ती तशीच आहे, त्यांचं नाव तसंच. मी म्हटलं राहू द्या, मशीन तुम्हीच शिकवलंत. मग उंबऱ्यावर बसून त्यांना गाठ पुन्हा शिकवली. बोटं जाड आहेत त्यांची, पण चौथ्या वेळी गाठ सरकली नाही.

नवं बेअरिंग घालून पंखा राघोने लावला. पोरगी त्याच्याखाली पुस्तक घेऊन बसते. दहावीनंतर काय शिकायचं ते तिला विचारलं, तर म्हणते अजून ठरवायचंय. ठरव म्हटलं, वेळ आहे. पानं उडतायत म्हणून कागदावर वाटी ठेवून लिहिते आहे. आता पुरे करते, उद्या पहिली पाळी.

तुझी आत्या,
जनी राघो कोळी
वाइंडर, नंबर एकोणचाळीस